शाळेच्या वायरीवर पहिला हक्क कुणाचा?

शाळेत व्हिडिओ अडकायला लागला की दोनच उपाय सुचवले जातात. संस्थेचे पदाधिकारी म्हणतात, यूट्यूब बंद करून टाका, म्हणजे मुलंही अभ्यासाला लागतील आणि शिक्षकही. पालक-शिक्षक संघातले उत्साही पालक म्हणतात, शंभर मेगाबिटचा प्लॅन तीनशेचा करून घ्या, वरचे पैसे आम्ही उभे करतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात हे दोन्ही उपाय करून बसलेल्या शाळा आहेत. यूट्यूब बंद केलेल्या शाळेत शिक्षक खिशातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून व्हिडिओ दाखवतात. तीनशेचा प्लॅन घेतलेल्या शाळेत काही महिन्यांनी पडद्यावर पुन्हा गोल फिरायला लागतं. माझ्या मते या दोन्ही उपायांनी खरा निर्णय टाळला जातो. शाळेच्या जोडणीवर आधी कुणाचा हक्क आणि नंतर कुणाचा, हे शाळेने स्टाफरूममध्ये बसून, सगळ्यांसमोर ठरवायला हवं. तेवढं ठरलं की बाकीचं तंत्र फार महाग नाही आणि फार अवघडही नाही. ते ठरलंच नाही, तर कितीही वेग विकत घेतला तरी तो वर्गातल्या तासाच्या वाट्याला येत नाही.

आधी हिशोब मांडू, कारण या विषयावर हिशोबाशिवाय फार बोललं जातं. ७२० ओळींचा व्हिडिओ वर्गातल्या प्रोजेक्टरवर स्वच्छ दिसतो आणि त्याला सेकंदाला साधारण अडीच मेगाबिट लागतात. ४८० ओळींचा व्हिडिओ सव्वा ते दीड मेगाबिटमध्ये भागतो. १०८० ओळींच्या फुल एचडीला पाचपर्यंत लागतात. समजा, सोळा वर्गांत एकाच वेळी व्हिडिओ सुरू आहे. प्रत्यक्षात असं जवळपास कधी होत नाही, कारण तासाच्या पस्तीस मिनिटांतली पाच-सात मिनिटंच कुणी व्हिडिओ दाखवतं. तरीही सोळा गुणिले अडीच म्हणजे चाळीस मेगाबिट. शंभरच्या प्लॅनमध्ये निम्म्याहून जास्त जागा उरते. म्हणजे शिकवण्यासाठी लागणारा व्हिडिओ शाळेच्या जोडणीला अजिबात जड नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात तो अडकतो का?

अडकतो, कारण ती वायर तासासाठी आहे असं कुणी ठरवलेलंच नसतं. वायफायचा पासवर्ड एकदा फुटला की फुटला. स्टाफरूममधले मोबाइल कालच्या सहलीचे फोटो आपोआप वर चढवत असतात. संगणक कक्षातली यंत्रं सोमवारी सकाळी सुरू झाली की प्रत्येक यंत्र तेच अपडेट स्वतंत्रपणे उतरवायला घेतं. कुणाच्या ऑफ तासाला क्रिकेटचा सामना चालू असतो. ऑफिसात क्लार्क सरल किंवा यू-डायस प्लसच्या पोर्टलवर माहिती भरत असतात. त्या कामाला वेग फारसा लागत नाही, पण पाठवलेल्या प्रत्येक पानाचं उत्तर चटकन परत यावं लागतं. म्हणून गर्दीत सगळ्यात आधी तेच काम मरतं. महिनाअखेरीला शालार्थवर पगारबिलं भरताना ऑफिसातून जी आरडाओरड ऐकू येते, तिच्या मुळाशी अनेकदा दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी पूर्ण दर्जात पाहत असलेला एखादा व्हिडिओ असतो.

आजच्या व्हिडिओची घडणच अशी आहे. पूर्वी फाइल एका ठरावीक आकाराची असायची. आता एकाच व्हिडिओच्या चार-सहा दर्जांच्या प्रती करून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेली असते. आपल्या यंत्रातला प्लेअर एक तुकडा मागवतो, तो किती लवकर आला ते मोजतो आणि वाट मोकळी दिसली की पुढचा तुकडा वरच्या दर्जाचा मागवतो. कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणारी इमारत असेल तर पुढच्या गल्लीतल्या नळाला धार येत नाही, आणि पालिकेने पाणी वाढवलं तरी आधी मोटरच जास्त खेचते. व्हिडिओचा प्लेअर ही अशीच मोटर आहे. ती कुणी मुद्दाम लावलेली नसते, प्रत्येक मोबाइलमध्ये ती आधीपासून असते. तीनशेचा प्लॅन घेऊनही शाळेची तक्रार परत येते ती याचमुळे. वाढलेला वेग तासाला मिळण्याआधी पाच इंची पडद्यावर १०८० ओळी दाखवण्यात खर्च होतो, आणि पाच इंचांवर तो फरक डोळ्यांना कळतही नाही.

याच घडणीचा शाळेला फायदाही करून घेता येतो. प्रत्येक मोबाइलला दीड मेगाबिटची मर्यादा घातली तर त्यावरचा व्हिडिओ बंद पडत नाही, प्लेअर आपणहून ४८० ओळींवर उतरतो आणि मुकाट चालत राहतो. वर्गातल्या प्रोजेक्टरला जोडलेल्या यंत्राला चार मेगाबिट राखून ठेवले तर तिथे ७२० ओळी निर्धास्त चालतात. ऑफिसची दोन यंत्रं रांगेत सगळ्यात पुढे ठेवली तर पोर्टल अडकत नाही. एक यंत्र सगळी रांग अडवून बसू नये म्हणून प्रत्येकाच्या वाट्याचं आळीपाळीने सोडणाऱ्या पद्धती २०१२ पासून उपलब्ध आहेत. ओपन-डब्ल्यूआरटीसारख्या फुकट प्रणालीत त्या येतात. आपल्या भागातले केबलवाले आपल्या ग्राहकांचे प्लॅन सांभाळायला जे राउटर वापरतात, त्यांतही ही सोय असते. अनेक शाळांच्या राउटरमध्ये ती आजही आहे, फक्त ते पान कधी कुणी उघडलेलं नाही.

आता एक प्रसंग सांगतो. डोंबिवली पूर्वेतली एक अनुदानित शाळा, सकाळचं अधिवेशन, दहावीचा वर्ग. बाई सूत्री विभाजन शिकवत होत्या. फळ्यावर चार अवस्थांच्या आकृत्या काढून झाल्या होत्या आणि आता त्यांना एकच गोष्ट दाखवायची होती, गुणसूत्रं मध्यावर रांगेत येतात आणि मग तर्कुतंतू त्यांना दोन बाजूंना ओढून नेतात. आकृतीत ही हालचाल दिसत नाही. त्यासाठी दीड मिनिटाचा व्हिडिओ पुरेसा होता. तो मध्यावस्थेला थांबला. पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “बाई, परत गोल फिरतंय.” बाईंनी वीस सेकंद वाट पाहिली. तेवढ्यात मागच्या दोन रांगा हातून निसटल्या. “माझ्या पर्समधला फोन काढ रे, हॉटस्पॉट लाव,” असं म्हणून त्यांनी लॅपटॉपचं वायफाय बदललं. व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आधी एक जाहिरात आली, ती पाच सेकंदांनी पुढे ढकलली, आणि गुणसूत्रं वेगळी होईपर्यंत घंटा वाजली. त्याच वेळी खाली ऑफिसजवळच्या राउटरवर पाहिलं तर शाळेच्या जोडणीतला मोठा वाटा तीन मोबाइल वापरत होते.

या प्रसंगात मला सगळ्यात जास्त खटकतो तो बाईंच्या पर्समधला फोन. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि तेव्हापासून आपल्या शाळांचा बराचसा डिजिटल कारभार शिक्षकांच्या खिशातून चालला आहे. हजेरीची ॲप, व्हॉट्सॲपवरची परिपत्रकं, प्रशिक्षणाचे ऑनलाइन वर्ग आणि आता वर्गातला व्हिडिओही. शिक्षक तक्रार करत नाहीत, म्हणून शाळेला वाटतं की आपलं नेटवर्क चालतंय. केंद्राच्या यू-डायस प्लसच्या २०२३-२४ च्या अहवालात देशातल्या ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट असल्याची नोंद आहे. या रकान्यात ‘आहे’ असं लिहिलेल्या शाळेत ते तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचतं का, हे कुठल्याच रकान्यात विचारलेलं नसतं.

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. मुख्याध्यापकांची भीती खरी आहे. वर्गात एखादा भलताच व्हिडिओ पडद्यावर आला, कुणी त्याचं चित्रण केलं आणि ते पालकांच्या ग्रुपवर फिरलं, तर जबाब मुख्याध्यापकांनाच द्यावा लागतो, राउटरला नाही. पण बंदीने ही भीती दूर होत नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. यूट्यूबवरचा दहावीच्या अपवर्तनाचा पाठ आणि त्याच यूट्यूबवरचं आयटम साँग एकाच ठिकाणाहून, एकाच पद्धतीने, कुलूपबंद होऊन येतात. शाळेच्या राउटरला दिसतं ते एवढंच, की अमुक यंत्राकडे व्हिडिओ चालला आहे. त्यात काय आहे ते त्याला वाचता येत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ते वाचता यायचं. तेव्हा एकदा उतरवलेली गोष्ट शाळेतल्याच सर्व्हरवर साठवून पुढच्याला तिथूनच देता यायची. आता सगळी वाहतूक सांकेतिक झाल्यामुळे तो मार्ग बंद झाला. माणसांच्या खासगीपणासाठी हे चांगलंच झालं. शाळेने मात्र त्यातून एक गोष्ट समजून घ्यायला हवी. चांगलं-वाईट निवडण्याचं काम आता वायरीवर होत नाही, ते शिक्षकाच्या टेबलावरच होतं.

यूट्यूबचा ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ संपूर्ण शाळेसाठी एका ठिकाणाहून लावता येतो. डीएनएसमध्ये एक नोंद बदलली की शाळेतलं प्रत्येक यंत्र त्या मर्यादित यूट्यूबकडे वळतं. तो जरूर लावावा. मात्र तो यंत्राने केलेला अंदाज आहे. कधी त्यात प्रजननसंस्थेवरचा सरळ शास्त्रीय पाठही अडतो, आणि बाईंना वाटतं की आपणच काहीतरी गैर शोधलं. त्यामुळे अडलेला पाठ उघडून देण्याचा अधिकार शाळेतल्याच कुणाकडे तरी हवा, आणि तो त्याच दिवशी वापरता यायला हवा.

आणि मुलं? मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं असं सांगणारे ५७ टक्के होते, समाजमाध्यमं वापरली असं सांगणारे ७६ टक्के. आपल्या शहरी पट्ट्यात चित्र याहून सौम्य असेल असं मानायला काही आधार नाही. व्हिडिओ या मुलांच्या आयुष्यात आधीच शिरला आहे. त्यातून काय घ्यायचं, कधी थांबवायचं, दोन मिनिटं मागे जाऊन पुन्हा काय पाहायचं, हे कुणीतरी समोर उभं राहून दाखवण्याची एकच जागा उरली आहे आणि ती वर्ग आहे. शाळेनेच तिथलं यूट्यूब बंद केलं की उरतो तो फक्त घरचा, एकट्याचा, अंथरुणातला व्हिडिओ.

इथे थोडं मागे जायला हवं. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करायचे आणि ते दूरदर्शनवरून दाखवायचे, असं तिचं काम होतं. त्या काळच्या शाळेत व्हिडिओमुळे नेटवर्क तुंबण्याचा प्रश्नच नव्हता. उपग्रहावरून एकच लहर यायची, मग ती एका शाळेने घ्या की हजार शाळांनी, कुणाचं काही कमी होत नसे. अडचण दुसरीच होती. कार्यक्रम लागायचा तेव्हा वर्गात गणिताचा तास असायचा, आणि विज्ञानाच्या बाईंना हवा तो धडा महिनाभर आधीच होऊन गेलेला असायचा. वेळ प्रसारणाच्या हातात होती. २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली, तोवर वेळ शिक्षकाच्या हातात आली होती. हवा तो पाठ, हव्या त्या मिनिटाला मिळू लागला. त्याची किंमत अशी, की आता प्रत्येक पाहणाऱ्यासाठी स्वतंत्र प्रवाह लागतो. एकाच मजल्यावरच्या तीन तुकड्यांनी एकच पाठ पाहिला तर तो तीनदा बाहेरून येतो.

प्रसारणाची ती जुनी सोय अजून पूर्ण गेलेली नाही, हे शाळा विसरून गेल्या आहेत. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, तेव्हा ज्या घरांत डेटा नव्हता तिथेही ती पोहोचली. पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर दिसतात, त्यांना महिन्याचं बिल नाही. पंतप्रधानांची ‘परीक्षा पे चर्चा’ दूरदर्शनवर दाखवली जाते. तरीही त्या दिवशी शाळेचं नेटवर्क बसतं, कारण प्रत्येक वर्ग तोच कार्यक्रम यूट्यूबवर वेगवेगळा उघडतो. गच्चीवर एक छत्री बसवली आणि सभागृहात एक मोठा पडदा लावला तर त्या दिवशी शाळेच्या जोडणीवर एका मेगाबिटचाही भार पडणार नाही. चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी, २३ ऑगस्ट २०२३ ला, इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एका वेळी ८० लाखांहून जास्त ठिकाणांहून लोक ते पाहत होते. त्या दिवशी मुलांना सभागृहात एकत्र बसवून एका पडद्यावर ते दाखवणाऱ्या शाळांना फक्त एक प्रवाह पुरला. आणि मला विचाराल तर उतरण्याचा तो क्षण पाचशे मुलांनी एकत्र श्वास रोखून पाहण्याचाच होता.

रोजच्या तासासाठी मात्र तिसरा मार्ग आहे आणि माझ्या मते खरा तोच. एकदा उतरवा, शाळेत साठवा, सगळ्यांना शाळेतूनच द्या. दहा मिनिटांचा ७२० ओळींचा पाठ साधारण १९० मेगाबाइटचा होतो. एक टेराबाइटच्या साध्या डिस्कवर असे पाच हजारांहून जास्त पाठ मावतात. पाचवी ते दहावीच्या सगळ्या विषयांना मिळून इतके लागणारही नाहीत. एक जुना संगणक, त्यात ती डिस्क आणि तिथून प्रत्येक वर्गापर्यंत केबल, एवढीच व्यवस्था. बाहेरची जोडणी तुटली, पावसात केबलवाल्याची फायबर कापली गेली, तरी सूत्री विभाजन थांबत नाही. जाहिरात येत नाही. पाठ संपल्यावर शेजारचा भलताच व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही. मुख्याध्यापकांची ती खरी भीती निम्म्याहून जास्त इथेच संपते.

साठवायचं काय, हा प्रश्न रास्त आहे, कारण दिसेल तो व्हिडिओ उतरवून घेणं परवान्यात बसत नाही. पण उतरवून घेण्यासाठीच ठेवलेलं साहित्य भरपूर आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा ॲपवरचे, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचे पाठ एकदा उतरवले की इंटरनेटशिवाय चालतात. अरविंद गुप्ता आणि पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेने टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याच्या कितीतरी छोट्या फिल्म केल्या, त्या मराठीतही आहेत आणि सगळ्यांसाठी खुल्या आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातली प्रात्यक्षिकं मराठीत आहेत आणि एकेक प्रात्यक्षिक अवघ्या काही मेगाबाइटचं असतं. त्यात मूल स्वतः भिंग सरकवतं आणि किरण कुठे वाकतो ते पाहतं. अपवर्तनासाठी मी कोणत्याही व्हिडिओपेक्षा हेच निवडीन. अशा जागी व्हिडिओ टाळणं हेही व्यवस्थापनच आहे. काय साठवायचं हे ठरवायला बसलं, की कुठल्या धड्याला व्हिडिओ लागतच नाही हे शिक्षकांच्या आपोआप लक्षात येतं.

ही कल्पना नवी नाही, आणि ती आपल्याच जिल्ह्यात करून दाखवलेली आहे. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी टॅबलेट आणि डिजिटल फळ्यावर शिकवायला सुरुवात केली आणि ती राज्यातली पहिली डिजिटल जिल्हा परिषद शाळा म्हणून ओळखली गेली. जून २०१५ मध्ये राज्य शासनाचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, आणि त्यानंतर गावोगावच्या शाळांनी लोकवर्गणीतून तो रस्ता धरला. रेंज आणि वीज या दोन्हींचा भरवसा नसलेल्या पाड्यांवर पाठ यंत्रात साठवूनच न्यावे लागतात. साधनं कमी होती, म्हणून ती आधी विचार करून वापरली गेली. दारापर्यंत फायबर आलेल्या आमच्या ठाण्या-डोंबिवलीच्या शाळांनी तो विचार केला नाही. पाड्यावरच्या मुलांनी धडा अखंड पाहिला आणि स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या शाळेत तो मध्यावस्थेला अडकला, याचं मला वाईट वाटतं.

वर्गापर्यंत केबल, असं वर म्हटलं. त्यावर जरा थांबायला हवं, कारण खर्च इथे आहे आणि शाळा नेमकी इथेच काटकसर करतात. वायफायच्या जुन्या, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल आहेत. आमच्या वस्तीत शाळेच्या खिडकीला खेटून सोसायटी असते आणि तिच्या प्रत्येक घरात राउटर असतो. ते सगळे त्याच तीन चॅनेलवर बोलत असतात. त्यात शाळेच्या जाड भिंती. त्यामुळे ऑफिसजवळ वेग मोजला तर शंभर येतात आणि तिसऱ्या मजल्यावर चारही येत नाहीत. तिथे जास्तीचा प्लॅन घेऊन काही होणार नाही. फळ्याशेजारी, प्रोजेक्टरजवळ एक केबल यायला हवी. ती एकदा टाकली की दहा वर्षं पुरते. पालकांना पैसे द्यायचेच असतील तर त्यांनी ते केबलसाठी द्यावेत.

आणखी एक प्रवाह आहे, ज्याबद्दल बोलताना हात जड होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. कल्याणपासून काही स्टेशनांवरचं हे गाव. त्याच महिन्यात राज्य शासनाने शाळांना सीसीटीव्ही बसवण्याची सक्ती केली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण कॅमेरे घाईने बसले, आणि जिथे ते नेटवर्कवर चालणारे आहेत, तिथे अनेकदा वर्गाला जाणाऱ्या त्याच स्विचला जोडले गेले. असा एक कॅमेरा सेकंदाला दोन ते चार मेगाबिट सतत पाठवत असतो, रात्री, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीतही. सोळा कॅमेऱ्यांचं चित्रण सोळा वर्गांच्या व्हिडिओइतकंच होतं, आणि वर्गातला व्हिडिओ पाच मिनिटांत संपतो, हे संपत नाही. त्यातच पदाधिकाऱ्यांनी मोबाइलवर थेट चित्र उघडलं की बाहेर जाणारी वाटही भरते. दोन्ही एका वायरीवर असले की दोन्हींचं नुकसान होतं, आणि त्यातलं मोठं नुकसान सुरक्षिततेचं. वर्गातला व्हिडिओ अडकला तर तो उद्या दाखवता येईल, पण नोंदवायचं राहून गेलेलं चित्रण परत मिळणार नाही. म्हणून कॅमेऱ्यांची वायर, स्विच आणि साठवण वेगळी असायला हवी. बाहेरून ते पाहण्याची परवानगी कुणाला आहे, ती नावंही लिहून ठेवलेली असावीत.

मोजमापाचं तसंच. नेटवर्क सांभाळायचं म्हणजे कुठे किती वापर झाला हे पाहावं लागतं, आणि तिथून कुठल्या मुलाने काय पाहिलं याची वही ठेवण्यापर्यंत जायला वेळ लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यावर बंधन घातलं आहे. शाळांना त्याच्या नियमांत शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती सवलत आहे. ती पुरेशी आहे, तिच्यापलीकडे जाऊ नये. दुसऱ्या मजल्याने आज किती डेटा घेतला एवढं कळलं तरी व्यवस्थापनाचं काम भागतं. अमुक मुलीने मोकळ्या तासाला काय शोधलं, हे जाणून वायर मोकळी होत नाही.

उरतो तो माणसाचा प्रश्न, आणि सगळं अडून बसतं ते इथेच. केंद्राच्या आयसीटी योजनेतून शाळांना संगणक कक्ष मिळाले ते ठरावीक वर्षांच्या करारावर. करार संपला, कंत्राटी संगणक शिक्षक गेले, यंत्रं राहिली. आज बहुतेक शाळांत राउटरचा पासवर्ड केबलवाल्याच्या माणसाकडे किंवा तीन वर्षांपूर्वी काम करून गेलेल्या एजन्सीकडे असतो. कोणत्या वर्गाला आधी आणि कुणाला नंतर, हा शिक्षणाचा निर्णय, पण तो शाळेत कधीच न बसलेल्या माणसाच्या हाती गेला आहे. त्याने जसं बसवून दिलं, तसं चालू आहे. विज्ञानाच्या किंवा गणिताच्या एखाद्या शिक्षकाला आठवड्याचे दोन तास या कामासाठी दिले आणि ते त्याच्या कार्यभारात धरले, तर एका शाळेपुरतं भागतं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या शाळांना तर एकेकटं हे करायची गरजच नाही. एका केंद्रातल्या सगळ्या शाळांना मिळून एक तंत्रज्ञ नेमता येईल, साठवलेल्या पाठांची एकच डिस्क केंद्रप्रमुखांच्या बैठकीत भरून प्रत्येक शाळेत नेता येईल, आणि चांगलं शिकवणाऱ्या आपल्याच शिक्षकांचे पाठ तिच्यात भर घालत राहतील. मे महिन्यात वर्ग रिकामे असतात. केबल टाकायची, डिस्क भरायची आणि राउटरचा पासवर्ड एजन्सीकडून लेखी मागून घ्यायचा तो तेव्हाच. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आणि पहिल्या शिक्षकसभेत वेळापत्रकाबरोबरच हेही वाटप वाचून दाखवता येईल. वर्गाला किती, ऑफिसला किती, स्टाफरूमच्या मोबाइलना किती, कॅमेऱ्यांची वायर कुठली, आणि अडलेला पाठ कुणाकडे मागायचा.